पुढचा ओरडतो

सायकलवर पुढच्याने खड्डा दिसला की ओरडायचं आणि मागच्याने "दिसला" म्हणायचं, हा आम्हा भावांचा नियम. पुढे कायम मीच. धाकटा माझ्या चाकाला चिकटून.

धाकटा जाऊन वर्ष झालं. नदीकाठच्या त्याच रस्त्यावर मी एकटाच सायकल काढतो आणि खड्डा आला की वेड्यासारखा ओरडतो. मागे कुणीच नसतं. बायको म्हणते, "अहो, मनाला किती लावून घ्याल?"

आज भर दुपारी मी ओरडायचं सोडून दिलं.

"दादा, खड्डा!"

आवाज पुढून आला.

समोर रस्ता तळहातासारखा सपाट, रिकामा. तरी माझं पुढचं चाक हळूहळू खाली जाऊ लागलं.

"दिसला," मी म्हणालो आणि ब्रेकवरचा हात काढला.