देवळातला होकार

दाजींनी नारळ दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. सभामंडपातल्या दीडशे माणसांनी हात जोडले. आमदार रघुभाऊंनीही जोडले, पण डोळे उघडेच ठेवले. त्यांच्या तळहातांच्या मध्ये मोबाईल होता.

अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. तीनच्या आत रत्नागिरीत कागद दाखल व्हायला हवेत, आणि पक्षाचा एबी फॉर्म, तो तिकिटाचा कागद, कोणाच्या नावाने निघतोय याचा अजून पत्ता नव्हता. भाऊंचा पीए चिराग त्यासाठी सकाळपासून पक्षाच्या कार्यालयात ठाण मांडून बसला होता. भाऊंचा सगळा जीव त्याच्या मेसेजमध्ये अडकला होता.

इकडे गावात गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोठ्या कामाला निघायची रीत नाही. गावचा मानकरी देवाला मोठ्याने सांगतो, एकेका वाक्यापाशी थांबतो, आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. देवळात दिलेला होकार देवाने ऐकलेला असतो, तो मागे घेता येत नाही, असं बाराही वाड्या मानतात. यंदा या बारा वाड्या भाऊंवर रुसल्या होत्या. पण मानकरी दाजींनी गाऱ्हाणं घातलं तर रुसवा निघेल, हे भाऊंना ठाऊक होतं. ऐंशीचे दाजी चटकन तयार झाले तेव्हा त्यांना मनातून हसू आलं होतं. म्हातारी माणसं विसरतात, असं त्यांना वाटलं.

“बा रवळनाथा म्हाराजा! आज तुज्या ह्या लेकरानं, रघुनं, तुज्या पायाशी नारळ ठेवलान...”

“व्हय म्हाराजा!”

भाऊंचा आवाज सगळ्यांच्या वर लागला. होकाराची जागा त्यांना बरोबर कळायची. पंधरा वर्षं विधानसभेत दुसरं केलं काय होतं? अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, की भाऊ होय म्हणत. विधेयक कशाचं होतं, ते बाहेर आल्यावर चिरागला विचारत. दोनदा पक्ष बदलला, तीनदा नेता बदलला. बसायचे मात्र सत्तेच्याच बाजूला, म्हणून होय तेवढं कायम राहिलं. आपल्या गावच्या ओढ्यावर पूल का नाही, एवढा एक प्रश्न काही त्यांना उभं राहून विचारता आला नाही.

“पंधरा वर्सांमागं ह्याच जाग्यावर ह्येनं सबूद दिलान, पऱ्यावर पूल बांधीन म्हनून...”

“व्हय म्हाराजा!”

“तीन येळा तितं नारळ फोडलान...”

“व्हय म्हाराजा!”

लोकांचे आवाज जरा दबले. भाऊंचा दबला नाही. चिरागने कळवलं होतं, ‘कागद आत टाईप होतोय. नाव दिसत नाही.’

पूल झालाच नव्हता. ओढ्यावर, म्हणजे गावच्या भाषेत पऱ्यावर, सुपारीच्या खोडांचा साकव होता. लहानपणी रघू त्यावरूनच शाळेत जायचा. दर पावसाळ्यात तो वाहून जाई आणि लोक पुन्हा बांधत. गेल्या जुलैत तो वाहून गेला, त्याच दिवशी दाजींच्या सुनेला, मनिषाला, कळा सुरू झाल्या. चौघांनी डोली करून तिला पऱ्यापर्यंत आणलं. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. आमदारांनीच दिलेली. तिच्या अंगावर त्यांचा भला मोठा फोटो होता, हात जोडलेला, हसरा. चार तास मनिषा अलीकडे ओरडत होती आणि पलीकडे तो फोटो हसत होता. पाणी उतरलं तोवर दवाखान्यात न्यावं असं कोणी उरलं नव्हतं. भाऊ बाराव्याला आले आणि पाठपुरावा चालू आहे म्हणाले. त्यांच्या जिभेला हाड नाही, एवढं म्हणून सोडून दिलं असतं. पण मनिषा बावीस वर्षांची होती.

“माजी सून त्या पऱ्याच्या काठावर गेली, तुला म्हाईत हाय...”

“व्हय म्हाराजा,” बायकांच्या बाजूने रडतच आवाज आला. भाऊही म्हणाले. त्यांची नजर खाली होती.

दाजींचा आवाज चढला नाही, कापलाही नाही.

“आता ह्येचं मागनं तुज्यापुडं मांडतंय. दिलेला सबूद पाळलान असंल, तर ह्येला येश दे. पाळलान नसंल, तर ह्येची डोली त्याच पऱ्यावर अडव. अलीकडं ह्येचा जीव जावू दे, आनि पलीकडं ह्येचाच फोटो हसत ऱ्हावू दे, म्हाराजा!”

दीडशे तोंडांतून एक शब्द निघाला नाही. शाप कितीही रास्त असला तरी त्याला होकार द्यायला काळीज लागतं.

मोबाईल थरथरला. ‘भाऊ, आपलंच नाव!’

भाऊंना एकदम आनंदाचं भरतं आलं. वाक्य संपलंय, होकाराची जागा आली आहे आणि कोणीच बोलत नाही, एवढं त्यांना जुन्या सवयीने कळलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सभागृहात कधी लावला नव्हता एवढा मोठा आवाज लावला.

“व्हय म्हाराजा!”

दाजींनी डोळे उघडले. एकदा भाऊंकडे पाहिलं.

“ऐकलान देवानं,” ते म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला.