तीन मिनिटांची साक्ष

"शपथ पुरी होईतो सभागृहात खोकणेही वर्ज्य आहे," पर्यवेक्षक गद्रेबाईंनी बजावले. पूर्वीच्या चौकशांत अधिकारी खाकरून साक्षीदाराला दटावीत. म्हणून हा नियम निवृत्त सुभेदार व्यंकटराव घोरपडे यांनीच झगडून करवून घेतला होता.

काचपेटीतला दिवा उजळला. मृत सैनिकाचा मेंदू एकदाच, अवघी तीन मिनिटे जागवता येई; तेवढ्यात व्यंकटरावांच्या मुलाला, रघुवीरला, सांगायचे होते, गोळी कोणी झाडली.

"मी, शिपाई रघुवीर घोरपडे, ईश्वरसाक्ष..."

दोन मिनिटांची ती शपथ संपत आली, तोच व्यंकटरावांना उमाळा आला आणि खोकला आवरला नाही.

"आबा? तुमचाच ना हा खोकला?"

"होय रे बाळा! सांग, कोणी मारलं तुला?"

"शपथ खंडित झाली," बाई खिन्नपणे म्हणाल्या. "पुन्हा प्रारंभापासून."

"पाया पडतो, बाईसाहेब, राहू द्या ती शपथ!"

"शपथेवाचूनचा शब्द ते अधिकारी क्षणात खोडतील, सुभेदार. नियमात आपणच तसं लिहून दिलंत."

रघुवीर आज्ञाधारकपणे पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. "सत्य तेच सांगेन," या शब्दांवर दिवा मालवला.

'साक्षीदाराचे कथन' या रकान्यात बाईंनी 'निरंक' असे लिहिले. व्यंकटराव मात्र थंडगार काचेला कपाळ टेकवून पुनःपुन्हा खोकत राहिले.