पाकिटावरचं फूल

शिळं ताक. तीन पाट्या कुजलेलं शेणखत. वाटीभर खळ. भिंतीवर एक रंगीत पाकीट.

१९३८ साली मंगलाच्या भावाने पुण्याहून सारंगखेड्याला कॉसमॉसचं बी धाडलं. पाकिटावरच्या गुलाबी फुलांवर ती अशी भाळली की बी पेरलं आणि रिकामं पाकीट लगोलग खळीने भिंतीला चिकटवलं. परसातली जागा मात्र सासूने, कौसाबाईने, अट घालून दिली होती. "दिवाळीलगून फूल उनं तं ठीक. नहीतं मी तठे वांगा लावसू."

मंगलाने झाडांना शेणखत घातलं, ताक पाजलं, पोटच्या लेकरासारखं जपलं. झाडं कुंपणाच्याही वर गेली, हिरवीगार, नुसती माजलेली. कळी एक नाही. तिनेच दिलेलं चिमूटभर बी शेजारच्या जाहेदाने मुरमाड अंगणात फेकून दिलं होतं. तिथे फुलांचा दंगा चालला होता.

"हम तो पानी बी नै डाले, भाभी!" जाहेदा कुंपणावरून हसली.

दिवाळी सरली तशी कौसाबाईने झाडं उपटून बैलांपुढे टाकली. "चार बुकं शिकनी व माय, पन एक फूल नही उनं!"

मंगला उकरलेली माती पायाने सारखी करू लागली. त्या घरात वाचता येणारी ती एकटीच.



पाकिटाच्या मागच्या बाजूला ठळक मराठीत छापलं होतं : खत घालू नये.