दोन गाद्यांच्या मध्ये

पाच वर्षांच्या त्या पोरीची तऱ्हाच न्यारी. फ्रॉकची शिवण टोचली तरी ती अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची, आणि आईने मायेने गाल कुरवाळला की चटका बसल्यासारखी लांब पळायची. पोटच्या लेकीला कुशीत घेण्याचं सुख काही त्या माउलीच्या वाट्याला आलं नव्हतं.

उपचाराच्या खेळघरात मात्र नवल घडलं. पोरगी आपणहून दोन जाड गाद्यांच्या मध्ये शिरली. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी वरून भला मोठा चेंडू दाबून फिरवला, तर रडणं राहिलं बाजूला, पोरीने चक्क डोळे मिटले आणि पुटपुटली, "आत्या, अजून जोरात."

"हळुवार हात हिला बोचतो, घट्ट दाबलं की बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "हिच्या आत्याला ते कुणी न शिकवताच कळलेलं दिसतंय. उद्या त्यांनाच घेऊन या."

आई गाद्यांमधल्या पोरीकडे बघत म्हणाली,

 

"त्या यायच्या नाहीत, बाई. पोरीला फार आवळतात म्हणून मीच त्यांना बजावलंय, पुन्हा आमचा उंबरा चढू नका."