टपावरच्या थापा

“टपाला आतून गादी नको लावू, बाय. मागची थाप नाय ऐकू यायची,” म्हादूकाका म्हणाला, तेव्हा स्नेहल रेक्झिनचा रंग निवडत होती.

म्हादूकाका वीस वर्षं त्या पिकअपच्या हौद्यात उभा राहून फिरला होता. पुढे तिचे सासरे गाडी चालवायचे, मागे हा माल सांभाळायचा. केबिनच्या टपावर हाताची एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. लागोपाठ पडत राहिल्या तर जागच्या जागी ब्रेक.

“काका, आता मोबाइल आहेत,” स्नेहल म्हणाली. “आणि थाप पडली की प्रणय दचकून उठेल, त्याचं काय?”

“उठू दे की गो. रडंल नि झोपंल परत.”

ती हसली आणि करडा रंग निवडला.

सासरे गेल्यावर गाडी दोन वर्षं चिंचेखाली उभी होती. किशोरने ती भंगारात जाऊ दिली नाही. शहापूरच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं, हौद्याचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, रंग बापाचाच ठेवला. आतलं सगळं स्नेहलने सांगितलं. दारांना नवे रबर, एसी, टपाच्या आतून दोन इंच फोम. दीड वर्षाच्या पोराला धूळ नको, धक्का नको, आवाज नको. किशोरने स्वतःसाठी एकच हट्ट केला, मोठे स्पीकर. गाडी तयार झाल्यावर ती दारं लावून आत बसली. किशोरने बाहेरून हाक मारली. तिला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. ती समाधानाने उतरली.

नोव्हेंबरात तिच्या माहेरी, सिद्धगडाच्या पायथ्याला, भाताची झोडणी निघाली. माणसं मिळत नव्हती. म्हणून आटगावजवळच्या आपल्या गावातून, वाडीवरच्या हिरी आणि ललिता या दोघींना त्यांनी गाडीतून नेलं. हिरीची सहा वर्षांची बारकी हट्टाने आली. परतताना गाईंसाठी पेंढा भरला. हौद्यातला पेंढा टपाच्याही वर गेला. त्यावर त्या तिघी बसल्या. मागची काच पेंढ्याने झाकून गेली.

म्हसा मागे पडलं. ऊन कलतं होतं. प्रणयच्या आवडीचं गाणं लागलं होतं, तो मांडीवर टाळ्या वाजवत होता. एका वळणावर स्नेहलची नजर बाजूच्या आरशात गेली. पेंढ्याच्या कडेवर हात दिसत होते. वर जात होते, खाली येत होते. एकीने तर अर्धं अंग बाहेर काढलं होतं.

“अहो, बघा ना. मागे नाचतायत दोघी,” ती हसून म्हणाली.

“नाचू दे. सकाळपासून झोडतायत, अंग मोकळं करतायत,” किशोर म्हणाला.

स्नेहलने प्रणयचे कान हातांनी झाकले. “वाढवा थोडं. त्यांनाही ऐकू जाऊ दे.”

किशोरने आवाज वाढवला.

मुरबाडात सरकारी दवाखान्यासमोर रिक्षावाले रस्त्यावर येऊन हात दाखवू लागले. एक मोटरसायकलवाला थोडा वेळ बाजूने धावला. किशोर खूश झाला. “लोकं गाडी बघतायत. बाबा असते तर...” त्याने हॉर्न वाजवून सगळ्यांना सलाम केला आणि गाडी पुढे काढली.

सरळगावच्या फाट्यावर चहासाठी ते थांबले. दार उघडलं, तेव्हा आवाज आत आला.

पेंढ्यात फुरसं होतं. म्हसा सुटल्या सुटल्या ते बारकीच्या पायाला चावलं होतं. दोघींत मिळून एक फोन, तोही घरी पोरांकडे. तेव्हापासून त्या टप बडवत होत्या.

किशोरने गाडी वळवली. ज्या दवाखान्यावरून हॉर्न वाजवत गेले होते, तिथेच परत आले. इंजेक्शनं दिली, पुढे ठाण्याला पाठवलं. बारकी वाचली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पहिल्यांदा आणलं असतं तर काय झालं असतं, हे स्नेहलने तिथल्या डॉक्टरांना तीन वेळा विचारलं. त्यांनी तिन्ही वेळा एवढंच सांगितलं, की लवकर आणलेलं बरं असतं.

चौथ्या दिवशी हिरी वॉर्डच्या बाहेर फरशीवर बसली होती. तळहात अजून सुजलेले होते.

“खरंच ऐकू आलं नाही गं, हिरी,” स्नेहल म्हणाली.

“नसंल आलं.” हिरीने मान वर केली नाही. “पन तुमी आरशातून बगितलात, बाय. नि हसलात.”

दहाव्या दिवशी बारकीला सोडलं. एक दिवसाआड शहापूरला नेऊन पट्टी बदलायची होती. ते काम स्नेहलने स्वतःकडे घेतलं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा गाडी वाडीवर गेली, तेव्हा हिरीच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती. शेजारची म्हातारी उन्हात वाल निवडत होती.

“भट्टीला गेली ती. उचल घेतलेली, ट्रक आला का निंगावंच लागतं.”

“कुठल्या वीटभट्टीला?”

“कंची ते नाय ठाव. ठावं असून तू काय करनार गो?”

स्नेहलने त्या आठवड्यात सात भट्ट्या पालथ्या घातल्या. प्रणयला घरी ठेवून ती हौद्यात बसून गेली. सातही ठिकाणी हिरी नव्हती.

तुमच्या गावाबाहेर वीटभट्टी लागली असेल, तर एकदा तिथे जाऊन या. सहा वर्षांची मुलगी आहे, बारकी म्हणतात, टाच टेकून चालते. डाव्या पायाची पट्टी किती दिवसांची आहे, तेवढं बघा.