बाळंतिणीचा रिपोर्ट

मन्सूरा शहरातल्या हाज्जा इनायत यांची सून रिहाब बाळंतपणापासून भिंतीकडे तोंड करून पडून असे. बाळंतिणीसाठी तुपात केलेलं मोघात हे गरम पेय तसंच निवून जाई. “सगळी थेरं!” हाज्जा शेजारणींना सांगत. शेवटी मुलाच्या हट्टापायी त्या सुनेला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. “हिच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी आहे. मन थाऱ्यावर ठेवणारं रसायन त्यापासून बनतं,” रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेवढ्यावरूनच आजार ठरत नाही, पण हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. उपचारांनी बरी होईल.” “म्हणजे ही नाटकं करत नव्हती?” “नाही, हाज्जा.” हाज्जांना आपलं बाळंतपण आठवलं. मुलगा झाला तेव्हा त्याही अशाच पडून होत्या, आणि सासूने त्यांना केसांना धरून चुलीपाशी बसवलं होतं. त्यांनी रिहाबचा हात धरला. “मला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही गं, पोरी.” रिहाबने मान वर केली.