फाटक दिसेल अशी जागा

"फाटकाच्या आत फक्त पेशंट," हॉस्पिटलचा रखवालदार म्हणाला. "सोबतच्यांनी आवारातसुद्धा थांबायचं नाही. घरी जा. फोन येईल."

घर कल्याणला होतं. शीळफाट्यावर दोनदा लॉकडाउनचा पास दाखवून प्रीती आणि तिचे बाबा माजिवड्याला पोहोचले होते. सोडायला आलेला शेजारचा सुदेश पासाची वेळ संपायच्या आत गाडी घेऊन परत गेला होता. आत साडेनऊला हजर व्हायचं होतं. आता पावणेनऊ झाले होते.

घरी बसून फोनची वाट बघायची नाही, हे दोघांचं आधीच ठरलं होतं. मे महिन्यात आईला दाखल केलं, तेव्हा दोघं चार दिवस फोनसमोर बसून होती. पाचव्या दिवशी फोन आला. त्यानंतर बाबांनी आपल्या फोनची रिंगच बंद करून टाकली. या वेळी फाटक दिसेल अशा जागी थांबायचं, एवढंच ते म्हणाले होते.

पण थांबायचं कुठे? चहाची टपरी ताडपत्रीने बांधलेली. बसथांब्याच्या बाकाला लाल-पांढऱ्या पट्ट्या. मेडिकलवाल्याने पायरीवर टेकूही दिलं नाही. समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने आपलं स्टूल पुढे केलं, मग बाल्कनीतल्या सेक्रेटरीकडे नजर गेली तसं मुकाट्याने मागे घेतलं. बाबा एका हातात काठी घेऊन, दुसऱ्या हाताने फाइल छातीशी धरून चालत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पाय. फाइल माझ्याकडे द्या, असं ती दोनदा म्हणाली. त्यांनी दिली नाही.

"ओ ताई, तिसऱ्यांदा चाललात. काय हरवलंय?"

रस्त्याला लागून बैठी चाळ होती. पहिल्याच खोलीच्या खिडकीत एक बाई शिलाई मशीनवर मास्क शिवत होती. प्रीतीने सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं, वाईटही वाटलं तिला, पण दाराची कडी काही काढली नाही. घरात तान्ही नात आहे, म्हणाली. प्रीतीने मान हलवली आणि वळली.

बाबा मात्र खिडकीपाशीच उभे होते. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांनी फाइल काखेत धरली आणि हात जोडले.

"जयभीम, ताई. तुमचं चूक नाही. मी असतो तर मीही दार उघडलं नसतं."

मशीनचं चाक थांबलं.

"जयभीम. आता असं बोलल्यावर मी काय करायचं, बाबा?" बाई उठली. "या. पाय बाहेर धुवा. सुनेला सांगते, बाळाला घेऊन आतल्या खोलीत थांब."

तिचं नाव मंजुळा. साठीच्या आसपासची, बोलायला मोकळी. दोघं आत येतात न येतात तोच शेजारचा कमलेश दारात हजर. हॉस्पिटलची माणसं घरात घेता का मावशी, असं त्याने सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"दोन मास्क देते तुला," मंजुळा म्हणाली. "एक नाकाला लाव, एक जिभेला."

कमलेश गेला. मंजुळाने चहाचं आधण ठेवलं, पण प्रीतीने नको म्हटलं. ऑपरेशनआधी काही चालत नाही.

"बाबांना नको, पण तू तरी घे."

"मलाही नको."

"म्हणजे दोघंही उपाशी?" मंजुळाने गॅस बंद केला. "एकाचं ऑपरेशन आणि दोघांना उपास. माया असावी तर अशी."

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

कसलं ऑपरेशन, हे मंजुळाने हळूच विचारलं. पोटात गाठ आहे, प्रीतीने सांगितलं. काढली की तपासायला पाठवतील. कसली आहे ते त्यानंतरच कळेल. तिने ते सांगितलं नेहमीच्याच आवाजात, पण बाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि फाइल दोन्ही हातांनी धरली.

"मन खंबीर ठेवा, बाबा," मंजुळा म्हणाली. "माझ्या सासऱ्यांची काढली, ही एवढी, लिंबाएवढी. सहा वर्षं झाली. अजून मटणात मीठ कमी म्हणून ओरडतात."

बाबा हसले. मे महिन्यानंतर प्रीतीने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"तेच सांगतोय हिला कालपासून," ते म्हणाले.

खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती. प्रीती तिच्यात बसून बघू लागली. फाटक दिसत होतं, पण अर्धंच. तिने खुर्ची थोडी सरकवली, पुन्हा बसली, पुन्हा सरकवली. आता रखवालदारसुद्धा पूर्ण दिसत होता. मोरी कुठे आहे, पंख्याचं बटण कुठलं, हे तिने विचारून घेतलं. पाठीला लागू नये म्हणून मंजुळाने दिलेली उशीही लावून पाहिली. बाबा तिच्या या धडपडीकडे बघत राहिले.

नऊ पंचवीसला प्रीतीचा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता. पेशंटला पाठवा.

मंजुळाने कोपऱ्यातली काठी आणली आणि बाबांपुढे धरली. "चला बाबा. हात देऊ का?"

प्रीतीने ती काठी अलगद तिच्या हातातून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. बाबांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. फाइलसाठी हात पुढे केला. या वेळी त्यांनी ती दिली, पण तिचं मनगट धरून ठेवलं. तिने ते सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांच्या खिशातला फोन काढला, रिंग चालू केली, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आधी डॉक्टरांचा येईल, बाबा," ती म्हणाली. "मी शुद्धीवर आले, की मग माझा."